वाचून झाल्यावर म्हणायचे शब्द

मॅडम कुणाला नावानं उठवत नसत. हातातला खडू वर्गावरून सावकाश फिरवायच्या आणि मध्येच थांबवायच्या. ज्याच्यासमोर खडू थांबला त्यानं उभं राहायचं आणि आधीच्यानं सोडलं तिथून कादंबरी मोठ्यानं वाचायची, मॅडम पुरे म्हणेपर्यंत. मग त्या एकच प्रश्न विचारत, तोही साधा, आणि माणूस तिथंच मरायचा. अकरावीच्या वर्षी माझी पालीची भीती गेली, अंधाराची गेली, गणिताचीसुद्धा गेली. सगळी भीती गोळा होऊन त्या खडूत जाऊन बसली होती.

आमचं ज्युनियर कॉलेज सीताबर्डीच्या मागच्या अंगाला होतं. इंग्रजी सगळ्यांनाच असे, पण मॅडमनी तोंडी परीक्षा घेऊन निवडलेल्या थोड्या मुलांचा सकाळी वेगळा वर्ग भरे. त्याला सगळे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणत. तिथं गाइड नाही, धडा नाही, रिकाम्या जागा भरा नाही. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. दिवाळीआधी मॅडम चाळण लावत. ज्याचं वाचन त्यांना पटलं नाही तो खाली, साध्या वर्गात. मी सक्करदऱ्याच्या सेमी-इंग्रजी शाळेतून आलेली, बाकीचे बहुतेक कॉन्व्हेंटचे, त्यामुळे खाली जायची भीती मला होतीच. पण ती दुसऱ्या नंबरची भीती. पहिल्या नंबरची वेगळी होती, आणि तिच्याबद्दल मी कुणाशी बोलू शकत नव्हते.

आम्ही बौद्ध. माझ्या पणजोबांनी छप्पन्न साली इथंच धम्म घेतला. आमच्या वस्तीत ही सांगायची गोष्टच नाही, प्रत्येक घराची तीच गोष्ट आहे. पण माझं आडनाव असं, की त्यावरून पटकन कुणाला अंदाज लागत नाही. या वर्गातही कुणाला लागला नव्हता. तो लागू नये, एवढंच मला हवं होतं.

असं का हवं होतं, तेही सांगते. माझ्या बाकावर लकडगंजची एक मुलगी बसायची. तिच्या घरचा लाकडाचा ठोक धंदा, घरात बोली हिंदी, आणि स्वभाव असा मोकळा की पहिल्याच दिवशी तिनं न विचारता माझ्या डब्यात हात घातला. आजीची पोळी आणि जवसाची चटणी तिला इतकी आवडली, की पुढं डबा तिचाच झाला, मी आपली पाहुणी. घरी जाताना आम्ही मेट्रोपर्यंत बरोबर चालायचो. मला तोवर इतकी जवळची मैत्रीण मिळाली नव्हती. मग पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत प्रवेशाच्या याद्यांचा विषय निघाला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “वो लोग तो बिना मार्क के घुस जाते हैं.” माझ्या मैत्रिणीच्या तोंडात माझीच पोळी होती. तिनं चावत चावत मान हलवली. “मेरे कजिन की सीट ऐसे ही गई,” म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, “चटनी और है क्या?”

मी चटणी दिली. माझा प्रवेश खुल्या यादीतून झाला होता. तेही मला म्हणता आलं नाही, कारण ते म्हणायचं तर आधी बाकीचं म्हणावं लागलं असतं. त्या दिवसापासून ती जेवताना मी तिच्या तोंडाकडे बघायला लागले. हिला कळलं, आणि नेमका घास तोंडात असताना कळलं, तर ही काय करेल? गिळेल की थुंकेल? मला भीती वाटायची. रागही यायचा, पण तो भीतीच्या मागं रांगेत उभा असायचा आणि त्याचा नंबर कधी लागत नसे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत. बाबा मला गाडीवर सोडायला यायचे. त्यांच्या गाडीच्या पुढच्या बाजूला निळं चक्र चिकटवलेलं. मी त्यांना व्हरायटी चौकातच थांबवायची.

“काहून वं? कॉलेज तं पुढे आहे,” बाबा म्हणाले होते.

“पुढे लय गर्दी राहते बाबा. तुमचा वेळ जाते.”

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. सकाळच्या त्या वेळी तिथं एक झाडूवाली आणि दोन कुत्री होती. “बरं,” म्हणाले आणि गाडी वळवली. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

आता गंमत अशी, की उभं राहून मोठ्यानं वाचायची भीती मला कधीच नव्हती. मी पाचवीपासून वाचत आले. आमच्याकडे वर्षावास असतो, म्हणजे आषाढाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत. त्या पावसाळी महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, ड्यूटीवरून परस्पर आलेले बाप्ये, मागं दंगा करणारी लहान पोरं, आणि पुढं वाचणारा. तलावाच्या बाजूच्या गल्लीतल्या आमच्या विहारात वाचणारी मी होते, कारण आजीनं मला तिथं नेऊन उभं केलं होतं. आजीला अक्षर येत नाही. “मह्या सासऱ्यानं धम्म घेतला तं पयले काय केलं? घरच्या पोट्ट्यायले वाचाले बसोलं,” हे ती वर्षातून चारदा तरी ऐकवते.

वाचायची रीत ठरलेली. ग्रंथ कपाळाला लावायचा, मग उघडायचा. वाचून झालं की मिटायचा, पुन्हा कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, भवतु सब्ब मंगलं. सगळ्यांचं भलं होवो. त्यावर बसलेले सगळे हात जोडून म्हणतात, साधू, साधू, साधू. तिसरा साधू लांबवतात. इतकी वर्षं ते ऐकून मला तिसरा साधू आल्याशिवाय वाचन संपलं असं वाटतच नाही.

अ‍ॅडव्हान्सचा वर्ग सुरू झाला तसा मी घरी इंग्रजी कादंबरी मोठ्यानं वाचायचा सराव सुरू केला. आमच्या दोन खोल्या, बाबा टीव्हीसमोर, आई स्वयंपाकात. ऐकायला उरली आजी. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण घरात कुणी वाचतंय म्हटल्यावर ती पदर सावरून, मांडी घालून समोर बसली. पहिल्या दिवशी प्रकरण संपवून मी पुस्तक बाजूला ठेवलं, तर आजी तशीच बसलेली.

“झालं आजी.”

“झालं तं म्हण नं. अर्धवट काहून सोडते?”

“हे तसलं पुस्तक नाही वं. गोष्ट आहे. इंग्रजांची.”

“मंग इंग्रजायचं भलं नाही पाह्यजे का तुले?”

मी पुस्तक कपाळाला लावलं आणि भवतु सब्ब मंगलं म्हटलं. आजीनं हात जोडून तिन्ही साधू म्हटले आणि गुडघा धरून उठली. तेव्हापासून रोज तेच. बाबांना हसू यायचं, मलाही यायचं. सकाळी वर्गात तीच कादंबरी, दुपारी घरी तीच कादंबरी आजीपुढं, संध्याकाळी विहारात ग्रंथ. एकाच तोंडाला किती म्हणून वेगळं ठेवता येईल, हा विचार मी तेव्हा करायला हवा होता.

कादंबरीतली मुलगी एका मोठ्या हवेलीत राहायला आलेली. हवेलीच्या म्हाताऱ्या मालकिणीला सोबत करायची, तिला वाचून दाखवायचं, तिच्या टेबलावर जेवायचं, हे तिचं काम. आपली आई गावात लोकांचे कपडे धुते हे तिनं तिथं लपवलेलं. दोनशे पानं हे लपवणं चालतं. मग एका सकाळी आई स्वतःच हवेलीच्या मागच्या दाराशी येते. मुलीसाठी धुवून इस्तरी केलेले कपडे, गाठोड्यात बांधून. नोकर मुलीला विचारतो, ही बाई कोण? मुलगी खिडकीतून बघते आणि म्हणते, मी हिला ओळखत नाही.

हे प्रकरण आजीपुढं वाचताना माझा आवाज बसला. आजीला शब्द कळत नसले तरी आवाज कळतो.

“काय सांगून राहिलं तुह्यं पुस्तक?”

“त्या पोट्टीची माय आली आजी. पोट्टी म्हणते, मी हिले ओळखत नाही.”

“काहून?”

“भेते.”

“मायले?”

“नाही. बाकीच्यायले.”

“मंग माय काय म्हणे?”

“काहीच नाही. गाठोडं पायरीवर ठेवते अन् चालली जाते.”

“खिडकीत पाह्यलं असन तिनं पोट्टीले,” आजी म्हणाली. “मायले दिसते. बापालेही दिसते.”

एवढं बोलून तिनं हात जोडले, माझ्या शब्दांची वाट बघत. मी बाबांकडे पाहायचं टाळलं. बाबा टीव्हीवरची जाहिरात फार लक्ष देऊन बघत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात बरोबर तेच प्रकरण निघालं. खडू फिरायला लागला. देव पावायची सोय आमच्या घरी नाही, नाहीतर त्या दिवशी मी तेहतीस कोटींना हाक मारली असती. खडू मागच्या बाकांवरून खिडकीकडे गेला, तिथून परत आला आणि माझ्यासमोर थांबला.

मॅडमबद्दल आधी सांगायला हवं. त्या नेहमी कडक इस्तरीच्या सुती साड्या नेसत, केस कापलेले, हाताला मोठं घड्याळ. वर्गात, व्हरांड्यात, शिपायाशीसुद्धा इंग्रजीच बोलत. त्यांचं आडनाव पुण्याकडच्या माणसाचं वाटायचं, म्हणून सगळे त्यांना पुण्याच्याच समजत. त्यांनी कधी कुणाचं कौतुक केलेलं मी पाहिलं नव्हतं. कुणी चुकलं तर त्या रागवत नसत, नुसतं बघत. ते बघणं टाळण्यासाठी आम्ही काहीही केलं असतं.

मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं कशीबशी गेली. मग आई दाराशी आली, गाठोडं दिसलं, आणि माझी भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. मी वाचत होते ते मला कळत होतं, ते तोंडातून निघत होतं, वर्ग गप्प होता. मुलगी म्हणाली, मी हिला ओळखत नाही. आईनं गाठोडं पायरीवर ठेवलं. प्रकरण संपलं. मॅडम पुरे म्हणाल्या नव्हत्या, कारण त्यांना म्हणायची गरजच पडली नाही.

मी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले, “भवतु सब्ब मंगलं.”

शब्द कानावर पडले तेव्हा मी कुठं उभी आहे ते मला कळलं. आणि त्या शांततेत टेबलाकडून आवाज आला, “साधू, साधू, साऽधू.”

मॅडमचे हात जोडलेले होते. दोन्ही तळव्यांच्या मध्ये सापडून खडू मोडला आणि त्याचा तुकडा खाली पडला.

वर्ग खो खो हसला. त्यांना वाटलं मॅडम माझी नक्कल करतायत. कधी न हसणाऱ्या मॅडम आज विनोद करतायत म्हटल्यावर मागची पोरं बाक वाजवायला लागली. मॅडमनी हात खाली घेतले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्या हसल्या. थोडंसंच, पण त्या थोड्यानं वर्गाचा समज पक्का झाला. मला प्रश्न विचारला नाही. दुसरा खडू घेतला आणि म्हणाल्या, “नेक्स्ट.”

मी खाली बसले. सगळे हसत होते आणि मला एकटीला माहीत होतं की ती नक्कल नव्हती. नक्कल करणारा ऐकलेले शब्द उलटे फेकतो. मी फक्त भवतु सब्ब मंगलं म्हटलं होतं. साधू म्हणायचं असतं आणि तिसरा लांबवायचा असतो, हे माहीत असायला लहानपणापासून चटईवर बसावं लागतं.

जाताना मैत्रीण जोरात होती. “मॅडम ने क्या मजा ली तेरी!” मग म्हणाली, “पर तू वो बोली क्यों? वो तो मेरे पापा बोलते हैं. विपश्यना के शिबिर में सीख के आए, दस दिन मौन रखते हैं ना, वो वाला. तुम लोग भी जाते हो क्या शिबिर?”

तिच्या बोलण्यात मला सुटायचं दार उघडं दिसलं आणि मी आत शिरले. “हां,” म्हणाले. “आजी जाती है.”

“अच्छा है,” ती म्हणाली. “पापा का बीपी कम हो गया.”

सुंठीवाचून खोकला गेला. तिच्या घरी ते शब्द रक्तदाब उतरवायला होते आणि माझ्या घरी आम्ही माणसं आहोत हे सांगायला, पण हे मी तिला थोडंच सांगणार होते? झाकली मूठ झाकलीच राहिली. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझी भीती वाढली, कारण आता एक माणूस होतं ज्याला माझं सगळं माहीत होतं, आणि ते माणूस रोज सकाळी खडू घेऊन माझ्यासमोर उभं राहणार होतं.

पण खडू माझ्यासमोर थांबायचाच बंद झाला. तो फिरत यायचा आणि आमच्या बाकाजवळ आला की नुसता घसरून पुढं जायचा. मैत्रिणीचा नंबर दोनदा आला, मागच्या मुलाचा आला, सगळ्यांचा आला. जिन्यात काही दिवस पोरांनी ‘साधू साधू’ करून घेतलं, मग त्यांनाही कंटाळा आला. मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या. इतके दिवस मी मनात हेच मागत होते, की माझा नंबर येऊ नये. आता तो येत नव्हता आणि मी रोज आणखी घाबरत होते. चाळण लागायची वेळ जवळ येत होती. ज्याचं वाचनच ऐकलं नाही त्याला मॅडम वर ठेवणार कशा? मला वाटलं, त्यांना मी वर्गात नकोच आहे. आपल्यासमोर आपल्याच समाजाची पोर नको.

शेवटी एके दिवशी तास संपल्यावर मी मैत्रिणीच्या हातात डबा दिला, तिला व्हरांड्यात थांबायला सांगितलं आणि आत गेले. मॅडम टेबलाशी पुस्तकं आवरत होत्या. मी आदल्या दिवशी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, की माझ्या वाचनात काही चूक होत असेल तर कृपया सांगा.

मॅडमनी वर पाहिलं नाही. इंग्रजीत म्हणाल्या, दार लाव.

मी दार लावलं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलल्या. पुण्याच्या नाही, आमच्या.

“कोणत्या विहारात वाचते वं तू?”

इतके दिवस ज्या आवाजाला मी घाबरत होते तो आवाज आत्याच्या, मावशीच्या आवाजासारखा निघाला होता.

“तुले कोणी सांगतलं माह्याबद्दल?” त्यांनी लगेच दुसरा प्रश्न केला. “खरं सांग. तू मुद्दाम म्हटलं नं ते?”

“नाही मॅडम. माझ्या तोंडून निघून गेलं. मी घरी आजीपुढे वाचते, तिले सवय आहे.”

“माह्याही तोंडून निघून गेलं,” त्या म्हणाल्या. बोटांनी चष्म्याची काडी उघडत होत्या, मिटत होत्या. “लहानपणी माय घेऊन जाये मले. मले वाटलं होतं, विसरली मी.”

मी दप्तर खांद्यावर सावरलं.

“इतकी वर्षं झाली मले इथं. स्टाफरूममध्ये कोणाले माहीत नाही. आता रिटायरमेंटले आली. आता कशाले,” त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “तू कोणाले सांगणार तं नाही?”

ते वाक्य ऐकून मला जी भीती वाटली तशी खडूनं कधी वाटली नव्हती. मॅडम मला घाबरत होत्या. मला, जिला अकरावीत धड चहासुद्धा करता येत नव्हता. इतके दिवस खडू माझ्यावरून घसरत होता तो रागानं नाही. मी उठले तर पुन्हा ते शब्द म्हणेन, म्हणून. माझी सगळी आशा इंग्रजीवर होती. मी मनाशी धरलं होतं, की एकदा का या बाईसारखं बोलता आलं, वाचता आलं, की ही भीती जाईल. त्यांना सगळं येत होतं. त्यांच्याएवढं इंग्रजी मला जन्मात येणार नाही. आणि त्या माझ्यासमोर बसून चष्म्याच्या काडीशी खेळत होत्या.

“मी कशाले सांगीन मॅडम,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “उद्यापासून घेईन तुह्यं वाचन. चांगलं वाचते तू.” मग दाराकडे बघून, “पाह्य बरं, बाहेर कोणी ऐकून तं नाही राहिलं?”

मी दाराशी गेले. फटीतून बघितलं. कठड्याला टेकून माझी मैत्रीण उभी होती, डबा उघडलेला, पोळी तोंडात. तिला काही ऐकू गेलेलं नव्हतं, ती जिन्यावरच्या पोरांकडे बघत होती. मला फक्त मागं वळून सांगायचं होतं, कुणी नाही. मॅडमना बरं वाटलं असतं, मलाही बरं वाटलं असतं, दुसऱ्या दिवशी माझा नंबर आला असता. मग मी वरच राहिले असते, मोठी झाले असते, आणि एक दिवस मीही कुठल्या तरी खोलीत बसून एखाद्या पोरीला दाराबाहेर बघायला सांगितलं असतं. मला बाबा आठवले. रिकाम्या रस्त्याकडे बघून बरं म्हणणारे.

मी दार उघडलं. दोन्ही पल्ले, भिंतीला लागेपर्यंत. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला मॅडमचं काही सांगायचं नव्हतं, तो अधिकार माझा नव्हता. त्यांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मी देणं लागत होते. ते मी दारात उभं राहून दिलं, विहारात शेवटच्या चटईपर्यंत पोचवतात तेवढ्या आवाजात.

“मी सक्करदऱ्याच्या विहारात वाचते, मॅडम. पाचवीपासून. माझ्या घरचे बौद्ध आहेत.”

व्हरांड्यातली मुलं वळून बघायला लागली. मैत्रीण चावायची थांबली. तिचा गाल घासानं फुगलेला तसाच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पहिल्या आठवड्यापासून बघत आले तशी. तिनं घास गिळला. एकदम नाही, जरा वेळानं.

“इतना जोर से क्यों बोल रही है?” ती म्हणाली. “मेरे को सुनाई देता है.”

मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. आत अर्धी पोळी होती. तिनं डब्यात कधी काही उरवलं नव्हतं.

आम्ही निघालो. जिन्याच्या वळणावर मी मागं पाहिलं, तर वर्गाचं दार पुन्हा लागलेलं होतं. फुटपाथवर कपड्यांच्या हातगाड्या लागलेल्या, ती रोज थांबून ओढण्या उलथ्यापालथ्या करायची, त्या दिवशी थांबली नाही. दप्तरात डबा होता आणि मला त्याचं वजन खांद्यावर कळत होतं. मला वाटलं, संपलं. उद्या ही दुसऱ्या बाकावर बसेल, त्यासाठी काही तरी कारण सांगेल, आणि मी बरं म्हणेन. मला रडू येत होतं, पण रस्त्यात रडायची लाज वाटत होती.

मेट्रोच्या जिन्याखाली ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मैं उस दिन बोली थी ना, कजिन की सीट का.”

“हां.”

“तू कुछ बोली नहीं.”

“नहीं बोली.”

ती जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. “वो आधी रोटी निकाल. अंदर खाने नहीं देते.”

मी दप्तरातून डबा काढला. झाकण माझ्यानं निघेना. मग तिनंच तो घेतला आणि उघडला.